पिकावर चालून गेलेली फौज

२४ डिसेंबर १६०१ च्या सकाळी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, किन्सेल बंदराबाहेर, एक लढाई झाली आणि काही तासांतच तिचा निकाल लागला. स्पेनमध्ये तोवर नवे कॅलेंडर सुरू झाले होते; तिथल्या हिशेबाने ती तारीख ३ जानेवारी १६०२ येते. अल्स्टर प्रांतातून भर हिवाळ्यात चालत आलेले ह्यू ओ’नील आणि ह्यू रो ओ’डॉनेल यांचे सैन्य उधळले गेले. त्यांच्या मदतीला आलेली स्पॅनिश फौज बंदरात अडकून पडली होती, तिने नऊ दिवसांनी शरणागती पत्करली. आयर्लंडमधल्या जुन्या सरदारशाहीचा सूर्य किन्सेलला मावळला, असे तेव्हापासून सांगितले जाते. हा निकाल चुकीच्या जागी लावला गेला आहे असे माझे मत आहे. ज्याला ‘नऊ वर्षांचे युद्ध’ म्हणतात ते इंग्लंडने अल्स्टरच्या शेतांत, गोठ्यांत आणि धान्याच्या गंजींपाशी जिंकले. तिथली उपासमार युद्धाच्या मागोमाग आपसूक आलेली नव्हती. ती योजून आणलेली होती, तिचे वेळापत्रक होते, आणि ते राबवणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याची माहिती वरिष्ठांना लेखी कळवली होती. त्यामुळे हे दाखवायला पराभूतांचे विलाप पुढे करण्याची गरज नाही. जिंकणाऱ्यांचा पत्रव्यवहार पुरेसा आहे.

आधी प्रश्न असा की इंग्लंडला ही वाट का धरावी लागली. ह्यू ओ’नील हा अल्स्टरमधल्या टायरोनचा अर्ल. त्याचे लहानपण इंग्रजांच्या छायेत गेले होते आणि इंग्रजी सैन्याची रीत त्याला आतून माहीत होती. त्याने आपल्या माणसांच्या हाती बंदुका आणि लांब भाले दिले, त्यांना कवायत शिकवली, आणि दलदल, जंगल, नदीचे उतार यांचा आधार घेऊन लढायला लावले. १४ ऑगस्ट १५९८ रोजी यलो फोर्ड येथे इंग्रज सेनानी हेन्री बॅगनलची सुमारे चार हजारांची फौज त्याने मोडली. स्वतः बॅगनल तिथे पडला. पुढच्या वर्षी एलिझाबेथ राणीने आपला लाडका सरदार अर्ल ऑफ एसेक्स याला सुमारे सोळा हजार पायदळ आणि तेराशे घोडेस्वार देऊन पाठवले. एवढी मोठी इंग्रजी फौज आयर्लंडने तोपर्यंत पाहिली नव्हती. एसेक्सने उन्हाळाभर लेन्स्टर आणि मन्स्टर प्रांतांत फिरून फौज झिजवली आणि सप्टेंबरात एका नदीच्या उतारावर ओ’नीलशी तहाची बोलणी करून तो परवानगीशिवाय इंग्लंडला परतला. सैन्य कमी पडले म्हणून तो हरला असे म्हणता येत नाही. समोरासमोर लढून शत्रूला मोडण्याची त्याची कल्पना होती आणि शत्रू समोर यायलाच तयार नव्हता. ओ’नीलचे बळ रणांगणावर मांडून ठेवलेले नव्हतेच. त्याचे पगारी शिपाई रयतेच्या ओटवर, लोण्यावर आणि गुरांवर पोसले जात. दारूगोळा विकत घ्यायचा तर तोही याच उत्पन्नातून. त्याचा खजिना शेतात उभा होता आणि कुरणात चरत होता.

हे ज्याने ओळखले तो चार्ल्स ब्लाउंट, लॉर्ड माउंटजॉय. फेब्रुवारी १६०० मध्ये राणीचा प्रतिनिधी म्हणून तो डब्लिनला आला. त्याने पहिला बदल केला तो ऋतूचा. आपल्याकडे पावसाळा छावणीत काढून दसऱ्याला सीमोल्लंघन करायची रीत होती, तसाच युरोपातही लढाईचा एक हंगाम ठरलेला असे. तिथे तो उन्हाळ्याचा, आणि हिवाळा आला की फौजा मुक्कामाला जात. माउंटजॉयने हिवाळ्यातच स्वारीवर निघायचे ठरवले. त्याचा चिटणीस फाइन्स मॉरिसन याने या निर्णयामागचा हिशेब स्वच्छ शब्दांत लिहून ठेवला आहे. आयरिश लोक उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरांवर जातात, तेव्हा त्यांना गाठणे कठीण. हिवाळ्यात गुरे घराजवळ असतात, झाडांची पाने झडलेली असल्याने जंगलात आडोसा राहत नाही, आणि कापणी होऊन धान्य घरात आलेले असते. अशा वेळी गुरे सतत पळवत ठेवली की ती खंगतात आणि त्यांचे दूध आटते. वसंतात लोकांना एका जागी ठरू दिले नाही की पेरणी होत नाही. जे काही पेरले गेले असेल ते कापणीच्या सुमाराला जाळता येते. या हिशेबात शत्रूच्या सैन्याचा उल्लेख जवळजवळ नाहीच. त्यात पेरणी, दुभते आणि कापणी आहे. शेतकऱ्याचे वर्ष ज्या टप्प्यांनी चालते त्यातला प्रत्येक टप्पा इथे प्रहाराची जागा म्हणून निवडलेला आहे. एका पिकावर संकट आले तर माणूस दुभत्यावर निभावतो, दुभते गेले तर साठवलेल्या दाण्यावर, आणि दाणा संपला तर निदान पुढच्या पेरणीच्या आशेवर. चारही आधार एकाच वर्षात काढून घेतले तर काय होणार, हे हिशेब मांडणाऱ्याला ठाऊक नव्हते असे मानायला मी तयार नाही.

या पद्धतीची चाचणी लेन्स्टरमधल्या लीश भागात १६०० च्या ऑगस्टमध्ये झाली. माउंटजॉयच्या हुकमावरून कप्तान आणि शिपाई तलवारी घेऊन उभ्या पिकात उतरले आणि कणसे कापत सुटले. नासवलेल्या पिकाची किंमत दहा हजार पौंडांच्या वर गेली असा अंदाज इंग्रजांनीच नोंदवला. त्या प्रसंगाबद्दल मॉरिसनने एक आश्चर्य व्यक्त केले आहे, ते मला त्या जाळपोळीइतकेच महत्त्वाचे वाटते. रानटी समजल्या जाणाऱ्या लोकांची शेते इतकी नीट कसलेली, कुंपणे इतकी व्यवस्थित, गावे वसलेली आणि रस्ते वहिवाटीचे कसे, असा प्रश्न त्याला पडला. आणि उत्तरही त्यानेच दिले, की या युद्धात राणीची फौज तोवर तिथे पोहोचलीच नव्हती. आयरिश म्हणजे गुरांमागे भटकणारे, शेती न जाणणारे लोक, हे चित्र त्या काळच्या इंग्रजी लेखनात पानोपानी सापडते, आणि त्यांना ‘सुधारण्याचा’ अधिकार त्याच चित्रावर उभा होता. पण भटक्यांचा पाडाव करायला उभी पिके कापावी लागत नाहीत. ज्या फौजेला महिनोन्‌महिने कणसे छाटावी लागली, तिने आपल्याच तलवारीने त्या चित्राविरुद्ध साक्ष दिली आहे.

खरे लक्ष्य अल्स्टर होते, आणि तिथे नुसती स्वारी करून भागणार नव्हते. फौज निघून गेली की लोक परत येतात, लपवलेले बियाणे काढतात, उरलेली गुरे गोळा करतात. म्हणून माउंटजॉयने ठाण्यांचा वेढा आखला. मे १६०० मध्ये सर हेन्री डॉक्रा सुमारे चार हजार पायदळ आणि दोनशे स्वार घेऊन समुद्रमार्गे लॉख फॉईल या खाडीत उतरला आणि त्याने डेरी येथे ठाणे बसवले. पूर्वेला कॅरिकफर्गसच्या किल्ल्यात सर आर्थर चिचेस्टर होता. दक्षिणेकडून खुद्द माउंटजॉय मोयरी खिंडीतून पुढे सरकला आणि न्यूरी व आर्मा यांच्यामध्ये त्याने नवी गढी बांधली. ठाण्यातली शंभर-दोनशे माणसे मोठी लढाई देऊ शकत नसत, पण दिवसभराच्या चालीत येणाऱ्या मुलखात कुणाला नांगर धरू द्यायचा नाही, एवढे काम त्यांना सहज जमे. फौज वर्षातून एकदा येई. ठाणे रोज शेजारी होते. मे १६०१ मध्ये चिचेस्टरने नावांतून लॉख नेय सरोवर ओलांडले आणि पलीकडच्या काठाने थेट डंगॅननच्या चार मैलांपर्यंत जाळपोळ केली. माउंटजॉयला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिले, की या फेऱ्यांत शंभरावर माणसे मारली, जळून मेलेली किती ते सांगता येत नाही, दर्जा किंवा बाई-पुरुष न पाहता कुणालाच सोडले नाही, आणि त्यामुळे लोकांत मोठी दहशत बसली आहे. पत्रात कुठे सबब नाही की खंत नाही. वरिष्ठाला आवडेल अशी बातमी कळवण्याचा तो सूर आहे.

आता किन्सेलचा आक्षेप घेऊ, कारण तो सर्वांत वजनदार आहे. स्पॅनिश मदत बुडाली, ओ’नीलचे निवडक सैन्य गेले, ओ’डॉनेल मदत मागायला स्पेनला गेला आणि सप्टेंबर १६०२ मध्ये सिमांकास येथे वारला. मग युद्ध तिथेच संपले असे का म्हणू नये? म्हणता येत नाही, कारण ते त्यानंतर पंधरा महिने चालले. शिवाय किन्सेलच्या आधी काय घडले होते तेही पाहिले पाहिजे. स्पॅनिश उतरल्याची बातमी आली तेव्हा ओ’डॉनेल डोनेगॉलच्या मठाला वेढा घालून बसला होता, आणि आत होता त्याचाच भाऊबंद नाइल गार्व्ह, जो वर्षभरापूर्वी डॉक्राला जाऊन मिळाला होता. म्हणजे ठाण्यांनी अल्स्टर आतून पोखरायला किन्सेलच्या आधीच सुरुवात केली होती. किन्सेलने ओ’नीलची बाहेरून मदत मिळण्याची आशा बरीचशी संपवली हे मान्य करायला हवे, आणि १६०२ मध्ये तो शरणागतीच्या अटी विचारत होता हेही खरे. पण या कबुलीने माझा मुद्दा सैल न होता अधिक घट्ट होतो. शत्रू तह मागत होता, राणीला बिनशर्त शरणागती हवी होती, आणि या दोन भूमिकांमधला काळ टायरोनच्या रयतेला उपाशी ठेवून भरून काढला गेला. ओ’नीलचा मुख्य मांडलिक ओ’कहान जुलै १६०२ मध्ये डॉक्राकडे गेला. आयरिश समाजात सरदाराचा मान रयतेला दिलेल्या संरक्षणावर टिकून असे. आपल्या माणसांची गुरे आणि पीक जो वाचवू शकत नाही त्याला खंडणी कोण देणार, आणि का? उपासमारीने पोटावर जितका घाव घातला तितकाच या नात्यावर घातला.

१६०२ च्या उन्हाळ्यात तिन्ही बाजूंनी वेढा आवळला गेला. ब्लॅकवॉटर नदीवर माउंटजॉयने नवा किल्ला बांधून त्याला आपल्या नावावरून चार्लमाँट हे नाव दिले. ओ’नीलने डंगॅनन स्वतः पेटवून दिले आणि तो ग्लेनकॉनकेनच्या अरण्यात गेला. टलाहोग येथे ओ’नील घराण्याच्या प्रमुखांना ज्या शिलासनावर अधिकारपद दिले जाई ते माउंटजॉयने फोडले. कथा-कादंबऱ्यांना हा प्रसंग आवडतो, आणि त्याचे प्रतीकात्मक वजन मीही नाकारत नाही. पण त्याच सुमाराला, सप्टेंबर १६०२ मध्ये, माउंटजॉयने लंडनच्या मंत्रिमंडळाला जे लिहिले ते त्या दगडाहून जड आहे. टलाहोग ते टूम या पट्ट्यात हजार प्रेते पुरल्याविना पडली आहेत, आणि यंदा आपण ब्लॅकवॉटरला आल्यापासून टायरोनमध्ये सुमारे तीन हजार माणसे भुकेने मेली आहेत, असे त्याने कळवले. टलाहोगपासून टूमपर्यंतचे अंतर एका दिवसात चालून होईल एवढेच आहे. मॉरिसनचे वर्णन याहून भयंकर. ओस गावांच्या खाचखळग्यांत माणसे मरून पडलेली, आणि खाजकुइरीसारखा रानपाला व चुका खाऊन त्यांची तोंडे हिरवी झालेली. चिचेस्टरने आणि त्याच्या बरोबरच्या अधिकाऱ्यांनी तीन लहान मुले मेलेल्या आईचे मांस भाजून खाताना पाहिली, असेही तो लिहितो.

मॉरिसनचे पुस्तक १६१७ मध्ये छापले गेले, तेव्हा त्याने आपल्या धन्याचा विजय मोठा दिसावा म्हणून भीषणता वाढवली असेल, अशी शंका काही अभ्यासक घेतात. एखाद्या प्रसंगापुरती ती रास्तही असेल. दुष्काळाच्या वर्णनांचे ठराविक साचे त्या काळी लेखकांच्या हाताशी होते. पण माउंटजॉयचे पत्र पुस्तकासाठी लिहिलेले नव्हते, ते कामकाजाचे पत्र होते. शिवाय अतिशयोक्ती मानली तरी एक गोष्ट उरतेच: हे सारे विजयाच्या जमेच्या बाजूला मांडले गेले. धन्याचा गौरव करू पाहणाऱ्या चिटणिसाला उपासमारीचे वर्णन लपवावेसे वाटले नाही, उलट ते नोंदवावेसे वाटले. ज्या परिणामाचा गौरव होतो त्याला अपघात म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप असा की पिके जाळणे, गुरे हाकून नेणे हे आयरिश सरदारही करतच होते. करत होते. किन्सेलकडे जाताना ओ’नीलनेच डब्लिनभोवतीचा इंग्रजी मुलूख लुटला, माउंटजॉयने किन्सेलचा वेढा सोडून परत फिरावे म्हणून. आयरिश सरदारांच्या आपसातल्या भांडणांत गुरांची लूट हा नेहमीचा प्रकार होता, आणि माउंटजॉयच्या फौजेत स्वतः आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते. किन्सेलला राणीच्या बाजूने लढून नाव मिळवणारा क्लॅनरिकार्डचा अर्ल आयरिशच. त्यामुळे ही गोष्ट ‘इंग्रज दुष्ट, आयरिश निष्पाप’ अशी मांडणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण लुटीत गुरे एका धन्याकडून दुसऱ्याकडे जातात, त्यांचे दूध कुणाच्या तरी चुलीपाशी पोहोचते, आणि पुढच्या वर्षी उलटी लूट होते. ठाण्यांच्या वेढ्यात गुरे मारली गेली, बियाणे जळाले आणि पेरणीची वेळ टळली, सलग दोन-तीन वर्षे. साधन तेच वापरले म्हणून हेतू तोच ठरत नाही.

‘तो काळच तसा होता’ हे म्हणणे तर मला अजिबात पटत नाही, आणि त्याला उत्तर किन्सेलमध्येच आहे. याच माउंटजॉयने, याच काळात, स्पॅनिश सेनापती डॉन हुआन देल आगिला याला शस्त्रे, निशाणे आणि खजिन्यासह मायदेशी जाऊ दिले. त्यांच्यासाठी गलबतांची सोयसुद्धा केली. पुढे आगिलाने मन्स्टरचा इंग्रज अधिकारी सर जॉर्ज केर्यू याला वाइन आणि फळे भेट पाठवली. त्याच रणभूमीवर हाती लागलेल्या आयरिश कैद्यांना फाशी देण्यात आले. युद्धाचे सभ्य नियम त्या काळाला माहीत होते आणि माउंटजॉयला तर ते उत्तम पाळता येत होते. ते कुणाला लागू करायचे हे त्याने ठरवले. आयरिश माणूस राणीचा बंडखोर प्रजाजन ठरला, म्हणून परक्या शत्रूला मिळणारा मानही त्याच्या वाट्याला आला नाही.

उपासमारीची कल्पनाही ऐनवेळी सुचलेली नव्हती. १५७९ ते १५८३ च्या डेझमंड बंडात मन्स्टर प्रांत असाच उजाड झाला होता. तो दुष्काळ जवळून पाहिलेला कवी एडमंड स्पेन्सर पुढे मन्स्टरमध्येच जप्त केलेल्या जमिनीवर स्थायिक झाला. १५९६ च्या सुमारास त्याने आयर्लंडच्या स्थितीवर एक संवादरूप ग्रंथ लिहिला. त्यात मन्स्टरच्या भुकेल्यांचे अंगावर काटा आणणारे वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथात हिवाळी स्वाऱ्या, ठाणी आणि अन्नकोंडी यांची शिफारसही आहे. हा ग्रंथ छापला गेला १६३३ मध्ये, पण हस्तलिखित प्रतींतून तो आधीच फिरत होता. माउंटजॉयने तो वाचून मोहीम आखली असे मी म्हणत नाही. तशी गरजही नाही. डब्लिनच्या कारभारात वावरणाऱ्या वर्गाला भूक काय करू शकते हे वीस वर्षांपूर्वीच कळले होते, आणि चिचेस्टरने तर हे काम तलवारीने नव्हे, उपासमारीनेच व्हायचे आहे असे उघड लिहिले होते. १५९० च्या दशकात युरोपभर पिके बुडाली होती, तेव्हा दोष हवामानाचा नाही कशावरून, असेही विचारले जाते. पण ती वाईट वर्षे मुख्यतः दशकाच्या मध्यातली. टायरोनमध्ये माणसे मेली ती १६०२ च्या उन्हाळ्यापासून, नेमकी वेढा आवळला गेल्यावर.

एक आक्षेप उरतो: निर्दालनच करायचे होते तर ओ’नीलला माफी का मिळाली? ३० मार्च १६०३ रोजी मेलिफॉन्ट येथे तो गुडघे टेकून शरण आला. एलिझाबेथ सहा दिवसांपूर्वीच वारली होती. माउंटजॉयला ते ठाऊक होते आणि त्याने ते ओ’नीलला कळू दिले नाही. ओ’नीलला त्याची अर्लकी परत मिळाली, बहुतेक जमीनही मिळाली. तह उदार होता यात शंका नाही, आणि माउंटजॉय रक्ताला चटावलेला माणूस होता असे माझे म्हणणेही नाही. जवळजवळ वीस लाख पौंड खाऊन बसलेले युद्ध त्याला लवकर आणि स्वस्तात संपवायचे होते, आणि शत्रूच्या रयतेची भूक हे त्याला परवडणारे साधन वाटले. उदारता सही करणाऱ्याच्या वाट्याला आली. टलाहोग आणि टूमच्या वाटेवर पडलेले लोक कोणत्याही तहात पक्षकार नव्हते.

ओ’नीलही फार काळ टिकला नाही. १६०५ मध्ये चिचेस्टर आयर्लंडचा प्रमुख अधिकारी झाला. सरोवराकाठची गावे जाळणारा माणूसच आता त्या गावांचा कारभार पाहू लागला. सप्टेंबर १६०७ मध्ये ओ’नील आणि त्याचे सोबती जहाजाने युरोपला निघून गेले, त्यांच्या जमिनी जप्त झाल्या, आणि पुढल्या दोन-तीन वर्षांत अल्स्टरमध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमधून वसाहतदार आणण्याची योजना आखली गेली. प्रदेश उजाड आहे, कसणारे कुणी नाही, हे तिच्या बाजूचे एक मोठे कारण म्हणून मांडले गेले. मोठ्या वसाहतदारांना घातलेली एक अट होती, की आपल्या हिश्श्यातून मूळ आयरिश रहिवाशांना हलवायचे. ही अट पाळली गेली नाही. मुदत वाढत गेली, कारण नव्या मालकांना जमीन नांगरायला आणि खंड द्यायला त्याच लोकांची गरज होती, ज्यांना शेती येत नाही असे सांगितले जात होते. अखेर १६२८ च्या सुमारास सरकारने नियम सैल केला आणि वसाहतदारांना एक चतुर्थांश जमीन आयरिश कुळांकडे ठेवण्याची अधिकृत मुभा दिली.